साहेब जागेवर आहेत

आळेफाट्याच्या आमच्या ऑफिसात इंटरनेट नवीन होतं, त्या दिवसांतली ही गंमत. जेवणाच्या सुट्टीत कोणीही मशीनवर नसताना साहेबांना नेटच्या डब्याचे दिवे लुकलुकताना दिसले. माणसं जेवायला बसलेली असताना डबा काम करतोय म्हटल्यावर संशय येणारच. साहेबांनी लगेच निकाल लावला: हंगामी टायपिस्ट सुनीताबाई चोरून चॅटिंग करतात, सोमवारपासून त्यांना घरी बसवा.

माझा भाचा खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या अँटेनांवर इंजिनिअर होता. त्याला बोलावलं. म्हटलं, "तुमी लोक आकाशातलं ऐकता, आमच्या डब्यातलं ऐक जरा."

त्यानं तपासलं आणि म्हणाला, "मामा, हे साहेबांच्याच मशीनमधून जातंय. त्यांनी चॅटिंगचा प्रोग्राम टाकलाय. तो सारखा कळवत राहतो, की साहेब जागेवर आहेत."

"कोणाला कळवतो?" साहेबांनी विचारलं.

"तुमच्या ओळखीतल्या सगळ्यांना. पुण्याचे मोठे साहेब पण हायेत त्यात."

साहेब दुपारनंतर मळ्यात असतात, हे पुणं सोडून अख्ख्या फाट्याला माहीत होतं.

"काढून टाकू का?"

"नको नको, राहू द्या. ऑफिसचं काम आहे ते."

"पण माऊस हलला न्हाई, तर थोड्या वेळानं साहेब जागेवर नाहीत असंही कळवतो तो."

सुनीताबाई कोपऱ्यात पिशवी भरत होत्या. साहेब त्यांच्याकडे वळले. "बाई, तुम्ही कुठं निघालात?"

मी निवृत्त झालो तेव्हा सुनीताबाई कायम झाल्या होत्या. दुपारनंतर त्यांना एकच काम असे, येता-जाता साहेबांचा माऊस हलवायचा.