चौदावं पान

नाही टीचर, पत्र देत नाही असं मी कुठं म्हणालो — बसा, आधी बसा, त्या चटईवर. एवढा चढ चढून आलात, पोथी तान्हं मूल धरावं तशी छातीशी धरून, आणि मी फक्त ‘मूळ पोथीशी जुळते’ एवढं लिहून सही करायची. तुमच्या मंडळाला ती छापायचीय. छापा की. मला काय त्याचं. एवढंच विचारतोय, की आम्ही दोघंही हामुदुरू, दोघंही भिक्षू, मग छापायला रतनजोती हामुदुरूंचीच प्रत का? मूळ इथं आहे, या माझ्या कपाटात, लाल फळ्यांमधली. सयामहून भिक्षू आले त्यांच्यापासून हातोहात चालत आलेली, आमच्या गुरूंपर्यंत, थोरल्या हामुदुरूंपर्यंत, आणि त्यांच्यानंतर माझ्याकडं. तुमच्या हातात आहे ती नक्कल. मीच केलेली. त्यांनी सांगितलं असेलच तुम्हाला — सांगितलंय? काय म्हणाले? ‘अक्षर सुंदर आहे’. बरं. एवढंच म्हणाले?

चहा घ्या. गुळाचा खडा घ्या त्याच्याबरोबर, कित्तुल माडाचा आहे, खालच्या गावातला. तुमच्या तेलेगमला, त्यांच्या विहारात म्हणे पौर्णिमेला कोलंबोहून मोटारी येतात, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या असतात — मी ऐकलंय, पाहायला कशाला जाऊ. इथं पौर्णिमेला चौदा-पंधरा म्हाताऱ्या, त्यातल्या निम्म्या बसल्या बसल्या झोपतात. ध्यानाला आता सगळीकडं ब्रह्मदेशाची पद्धत, दहा दिवसांचं शिबिर, नाव नोंदवा आणि या. मेणबत्ती आणि काड्या म्हटलं की शिकलेली माणसं हसतात. या वाटेवर आता दोघंच उरलो, ते आणि मी. आणि मोटारी तिकडं. का, सांगा ना. तुम्ही त्यांच्याकडं नेमानं बसता ना? करवंटीत मेणबत्ती उभी करून, तिच्यात काडी खोचून? किती काड्या खोचता — एकच? एकच. आणि मेण वितळून ती टक्कन करवंटीत पडली की काय करता? बसूनच राहता. मेणबत्ती विझेपर्यंत. हं. पोथीत पाच आहेत.

म्हणजे मूळ पोथीत. म्हणजे असं, की — थांबा, कप ठेवा खाली, सांडेल.

कुणी तरी तुम्हाला सांगायलाच हवं होतं, मी सांगितलं तर बिघडलं कुठं. ऐका आता. थोरल्या हामुदुरूंजवळ आम्ही दोघं. मी नऊ वर्षं आधीचा. पाणी भरलं, पाय चेपले, सगळी पोथी तोंडपाठ केली, कुठून कुठंही विचारा. हा रतनजोती आला तो भातशेतीतून, धड वाचता येत नव्हतं, ओठ हलवत वाचायचा. चौथ्या वर्षी ध्यानाला बसायला लागला, त्याला चार महिने झाले असतील. पहाटेची वेळ, मी शेजारीच बसलेलो, डोळे उघडे — हो, उघडे, मी त्याच्याकडंच बघत होतो. काडी पडली, आणि ह्याच्या हातावर काटा उभा राहिला. खांद्यापासून मनगटापर्यंत, वारा पिकावरून जातो तसा. पहिली पायरी तीच ना, अंगावर काटा येण्याइतकाच आनंद. मला नाही आला कधी. आणि थोरले हामुदुरू, जे कुणाला बरं म्हणायचे नाहीत, वाईटही म्हणायचे नाहीत, ते त्याच्याकडं बघून ‘हं’ म्हणाले. बस, ‘हं’. तेरा वर्षं मी त्यांच्याजवळ होतो, टीचर, माझ्यासाठी एकदा म्हणाले असते तरी पुरलं असतं.

त्याच पावसाळ्यात त्यांनी अंथरूण धरलं. रतनजोतीला पहिल्या पायरीपुढचं काही सांगायचं राहून गेलं. मला म्हणाले, तुझा हात चांगला, मूळ तू सांभाळ आणि त्याला एक नक्कल करून दे, पुढचं त्याला त्यातून मिळेल. आणि आमच्यात पुढची पायरी मागायची नसते, ठाऊक आहे ना तुम्हाला? ज्याच्याजवळ आहे त्यानं आपण होऊन द्यायची. मागितली की ती पायरी राहत नाही. मी ताडाची पानं कापली, उकळली, वाळवली, घोटली, लेखणीनं कोरली, काजळी भरली, नाचणीच्या पिठानं पुसली. तेरा पानं झाली. चौदावं — काडी पडली की हा आनंद इथंच सोडून ऊठ, आणि दुसरी काडी इथं अशी खोच — ते मी गाळलं, त्यापुढची सगळी कोरली. पुढं आणखी चार पायऱ्या आहेत, आणि त्यांचं दार हे एकच पान. पानांच्या कोपऱ्यात आकड्यांऐवजी अक्षरं असतात, ती पुढच्या पानांवर एकेक घर मागं घेतली, म्हणजे मोजलं तरी कळू नये, आणि दोरी ओवून दिली. त्यानं तीन वेळा वाकून नमस्कार केला मला.

असं बघू नका. मी रोज पाचही काड्या खोचतो. एकतीस वर्षं झाली. माझा सगळा जीव कानात — पहिली कधी पडतेय, आता पडेल, आता पडेल. पडते. मग दुसरीची वाट. पाचही पडतात आणि मी उठतो, गुडघे चोळतो. आणि तो तिकडं पहिल्याच पायरीवर एकतीस वर्षं बसलाय, आणि लोक त्याच्या सावलीत बसायला कोलंबोहून येतात. पहिल्याच पायरीवर. बालवाडीत.

आणा ती इकडं. आणा म्हणतोय ना, सही करायची तर बघायला नको? दिल्यापासून हात लावला नाही मी हिला. दोरी नवी आहे. दहा, अकरा, बारा, तेरा… हे काय. टीचर, हे कोरं आहे. हे तुम्ही घातलंत? मग कोणी? पहिल्यापासून आहे? याच जागी? माझ्याच मापाचं कापलंय, भोकंही बरोबर — आणि तेल लावलेलं. दर वर्षी? ते स्वतः लावतात? आणि तुम्ही कधी विचारलं नाहीत, हे कोरं कशाला? — विचारलंत. मग?

‘लिहिणाऱ्याचं अजून लिहून व्हायचंय’.

असं म्हणाले. रागानं? नाही, ते रागानं कसं म्हणतील. हसत म्हणाले असतील. मला वाटत होतं मी त्याला अडवलंय. तो माझी वाट बघत बसला होता. यातही तोच पुढं, बघा, यातही मला पुढं जाऊ दिलं नाही त्यानं.

पत्र राहू द्या. परवा या, मी पान लिहून ठेवतो, आता एका पानाला दोन दिवस लागतात मला — परवा का नाही? कधीपासून? पेजसुद्धा जात नाही त्याला? डॉक्टर काय म्हणाले? आणि हे तुम्ही मला चहा संपल्यावर सांगताय.

सरका. किल्ली कुठं — ही. लाल फळ्यांची, तीच. धरा हे टोक, दोरी ओढू नका, जुनी आहे. हे घ्या. मूळचं आहे, फुंकर घालू नका. ते कोरं काढा आणि हे तिथं घाला. कोरं माझ्याकडं द्या, माझ्या पोथीत खिंडार नको. हसू नका. हे उसनं देतोय, कायमचं नाही, वाचून झालं की परत आणून द्यायचं, तुम्ही स्वतः आणायचं. त्याच्या उशाशी बसून सावकाश वाचा, डोळे काम देत नसतील आता. आणि वाचल्यावर त्याच्या हातावर… हातावर बघा काही —

नको. मला येऊन सांगू नका. जा आता, बस वळणावर आली असेल. जा म्हणतोय ना.