लग्नाच्या आदल्या दिवशीचं मत

१८००च्या सुमारास अमेरिकेतल्या न्यू जर्सीत नवरा नसलेल्या, जमीनवाल्या बायकांनाही मत होतं. विधवा केझाया मतदानाच्या रांगेत उभी होती. तिच्या पुढ्यात विधवा हल्डा आणि हल्डाचा होणारा नवरा एनॉक.

"हल्डा, उद्या लग्न झालं की तुझं मत गेलं. मग आज कशाला ही रांग?" एनॉक म्हणाला.

"म्हणून तर आजची सोडत नाही."

"बरं, मग माझ्याच माणसाला दे."

"माझ्या शेतातून रस्ता काढायला निघालेल्याला?"

"शेत उद्या माझंच होणार. मलाच हवाय तो रस्ता."

हल्डाने मागे वळून केझायाकडे पाहिलं.

"पुढे या, बाई!" आतून हाक आली.

"कुणाला देणार, हल्डा? सांगून जा," एनॉक म्हणाला.

"पाद्रीबाबांना म्हणावं, उद्या येऊ नका. मला पुढच्या वर्षीही या रांगेत उभं राहायचंय."