चारशे बावीस ग्रॅम

नवरा : ओळखेल तो.

बायको : ओळखू दे.

नवरा : अगं, बेकरीवाला आहे तो. आई जशी पोर ओळखते तसा तो पाव ओळखतो. त्याच्याच पावाची बेक डिश करायची, त्यालाच नाश्त्याला बोलावून वाढायची, आणि वर म्हणायचं, ‘घ्या ना, संकोच करू नका’?

बायको : मग काय दुसऱ्या बेकरीचा आणून वाढू? ते शोभून दिसेल?

नवरा : निदान ताजा तरी असता. हा चार महिने फ्रीझरमध्ये झोपलेला.

बायको : ताज्याचं होतच नाही हो. ताजा पाव दुधाअंड्यात टाकला की त्याचा लगदा होतो. शिळाच लागतो. आणि शिळा पाव आपल्याकडे आहे तेवढा सगळ्या गावात कुणाकडे नसेल.

नवरा : एकवीस होते. तीन काल संध्याकाळी कापले. राहिले अठरा.

बायको : बघा. बर्फाला जागा नाही घरात. सात महिने तो माणूस रोज पहाटे आपल्या दाराच्या कडीला पाव अडकवून गेला. बेल नाही, हाक नाही. आणि आपण काय केलं त्याचं?

नवरा : खाल्लं की. मी खाल्लं.

बायको : दिसतंय. केमो मला दिली आणि बाळसं तुम्ही धरलंत.

नवरा : सहा किलो तीनशे. साधारण तेवढंच तुझं उतरलं. घरातलं एकूण वजन कायम आहे.

बायको : वजनमापे खात्यातून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, पण काटा काही हातातून सुटत नाही तुमच्या.

नवरा : दूध किती घातलंस?

बायको : पाव बुडेल इतकं.

नवरा : हे माप नव्हे.

बायको : तीस वर्षं याच मापाचं जेवलात. आता ती डिश उचला आणि ओव्हनमध्ये ठेवा. थांबा, आधी वर फॉइल लावा. अर्धा तास झाकून, मग फॉइल काढून वरचं चीज लाल होईपर्यंत.

नवरा : फोडी सगळ्या दोन सेंटिमीटरच्या आहेत. पट्टी लावून कापल्यात.

बायको : मी बघत होते. मधेच एकदा तुम्ही पट्टी धुतलीत, तेवढं मात्र बरं केलंत.

नवरा : लावला. ऐंशीवर. म्हणजे एकशे ऐंशीवर. अगं, एक बोलू का?

बायको : नाही म्हटलं तर थांबणार आहात?

नवरा : आता वास सुटेल.

बायको : सुटू दे.

नवरा : दुसऱ्या केमोनंतर पावाचा वास आला की तू—

बायको : मला ठाऊक आहे मी काय करायचे. बादली माझ्याच हातात असायची.

नवरा : मी पहाटे पाव चोरासारखा आत आणायचो. टॉवेलात गुंडाळून. तरी तुला आतल्या खोलीत कळायचं.

बायको : ती सगळी औषधाची कृपा. पाणी प्यायलं तरी गंजलेला खिळा चघळल्यासारखं व्हायचं. पण गेल्या आठवड्यात चहाला चहाची चव आली ना? त्याच दिवशी ठरवलं. पहिला पाव खाईन तो त्या माणसाच्या हातचा, आणि त्याच्यासमोर. आणि त्याला सांगेन, भाऊ, तुमच्या पावाचा एक घाससुद्धा मी सात महिन्यांत खाल्लेला नाही.

नवरा : हे सांगायलाच हवं का?

बायको : आभार मानायचे ते काय खोटं बोलून मानू?

नवरा : आणि त्याच्यासमोरच ढवळून आलं तर?

बायको : म्हणून तर खिडकी उघडी ठेवलीये. आणि तुम्हाला कमी बोलायला सांगतेय.

नवरा : मी काय बोलणार? आमचं अकरा वर्षं बोलणं नाही. काटा जप्त केला होता मी त्याचा.

बायको : भर गर्दीत. सकाळी आठला.

नवरा : पावामागे बारा ग्रॅम कमी भरत होते. नियम सगळ्यांना सारखा. पण म्हणूनच मला उमगत नव्हतं ना, हा माणूस आपल्या दारी पाव का ठेवतो? मग मी वजन करायला लागलो.

बायको : कशाचं?

नवरा : पावाचं. रोज आला की काट्यावर ठेवायचो. तारीख आणि वजन लिहून चिठ्ठी फ्रीझरच्या पिशवीत, पावासोबत. म्हटलं, डूख धरून असेल तर एखाद दिवशी कमी भरेल.

बायको : अहो! फुकट आलेल्या पावाचं कुणी वजन करतं?

नवरा : एकदाही कमी भरला नाही. चारशेचा पाव, पण चारशे पंधराच्या खाली कधी आलाच नाही.

बायको : लाज नाही वाटली?

नवरा : वाटली ना. पण दुसरं काय करू शकत होतो मी? तू आत पडलेली. डॉक्टर रोज नवे आकडे सांगायचे, पेशी इतक्या, अमुक तितकं. मला त्यातलं एक अक्षर कळायचं नाही, मी नुसती मान हलवायचो. हा एक आकडा मला कळायचा.

बायको : ...बसा जरा. अहो, बसा इथे.

नवरा : बसलो. वास यायला लागला.

बायको : हं.

नवरा : तुला खुर्ची देऊ? खिडकीपाशी?

बायको : नको. लोणी आहे. कांदा आहे. सिमला मिरची जरा पुढे पुढे करतेय. आणि... थांबा.

नवरा : बादली?

बायको : नको हो. पाव आहे.

नवरा : मग?

बायको : मग काय? पावासारखाच येतोय.

(दाराची बेल वाजते.)

नवरा : या. या, या. चपला राहू द्या पायात.

बेकरीवाले : नको साहेब. पीठ असतं तळव्याला. घरभर पावलं उठतील.

बायको : या भाऊ. अहो, हे काय, आजही पाव घेऊन आलात? तुम्हाला नाश्त्याला बोलावलंय!

बेकरीवाले : पहाटे नाही अडकवला. येणारच होतो, म्हणून हातात आणला. रिकामा हात जिन्यात लोंबतोय, बरं वाटेना.

बायको : बसा. नाही, तिथे नाही, ती खुर्ची डगमगते. इथे.

बेकरीवाले : बसून नाश्ता करायची सवय नाही ताई. भट्टीसमोर उभ्यानेच असतो आमचा. एका हाताने पाव काढायचा, एका हाताने तोंडात टाकायचा. साहेब, फॉइल काढा.

नवरा : काय?

बेकरीवाले : ओव्हनमध्ये फॉइल लावलंय ना? काढा आता.

नवरा : अजून चार मिनिटं आहेत.

बेकरीवाले : घड्याळाला नाक नसतं, साहेब.

बायको : काढा हो. तेहतीस वर्षं भट्टीपुढे उभं राहिलेलं माणूस सांगतंय.

नवरा : काढलं. हे बघ, कडेला फुगलं होतं. बरोबर बोलले ते.

बेकरीवाले : आता वरून लाल होऊ द्या. मग सुरी मधोमध घालून बघा. कोरडी आली की बाहेर, आणि दहा मिनिटं कुणी हात लावायचा नाही. बसलं की नीट कापलं जातं.

बायको : भाऊ, चहा घ्या तोवर. आणि मला तुम्हाला एक सांगायचंय.

नवरा : आधी खाऊ दे ना त्यांना. भरल्या पोटी ऐकलेलं कमी लागतं.

बायको : हे असं. घाबरतात कशाला तर पाववाल्याला. बरं, आधी खाऊ.

बेकरीवाले : मला घाबरतात? अकरा वर्षं मी यांना घाबरून फुटपाथ बदलतो.

नवरा : मी समजत होतो, रागाने बदलता.

बेकरीवाले : राग दोन महिने होता. पुढे नुसती सवय.

बायको : सुरी कोरडी आली. दहा मिनिटं झाली का हो?

नवरा : नऊ... बरं, झाली.

बायको : घ्या. भाऊ, हा तुमचा. अहो, हा तुमचा. हा माझा, छोटा. गरम आहे, सांभाळून.

बेकरीवाले : छान भिजलंय. आतपर्यंत गेलंय दूध. आणि... साहेब, यात कागद आहे.

नवरा : कागद?

बेकरीवाले : फोडीला चिकटलाय. ‘चौदा तारीख. चारशे बावीस ग्रॅम.’

बायको : अहो!

नवरा : गोठलेला पाव होता. चिठ्ठी बर्फाने चिकटली असेल. पावाच्याच रंगाची, मला दिसली नाही. पट्टीकडे लक्ष होतं.

बेकरीवाले : पेन्सिलीने लिहिलंय. भाजून निघालं तरी गेलं नाही.

नवरा : शाई पसरते. खात्यात आम्ही पेन्सिलच वापरायचो.

बेकरीवाले : म्हणजे हा पाव माझा.

बायको : भाऊ, हेच सांगायचं होतं. तुम्ही रोज पाव ठेवलात आणि मी एक घास खाल्ला नाही. मला वासच सहन व्हायचा नाही. यांनी खाल्ले, शेजारी दिले, वॉचमनला दिले, तरी उरले ते फ्रीझरमध्ये भरले. तुम्हाला ‘नको’ म्हणायला तोंड झालं नाही, आणि टाकायला हात झाला नाही.

बेकरीवाले : माहीत होतं मला.

बायको : काय माहीत होतं?

बेकरीवाले : तुम्ही खात नाही ते. साहेब रस्त्यात दिसायचे ना. शर्टाची बटणं दर आठवड्याला थोडी थोडी ताणलेली. म्हटलं, पाव या बाजूला चाललाय.

नवरा : सहा किलो तीनशे.

बायको : तुम्ही थांबा हो. मग भाऊ, माहीत होतं तरी रोज ठेवत राहिलात?

बेकरीवाले : पिशवी बघायला.

बायको : कसली पिशवी?

बेकरीवाले : तुम्ही लोक संध्याकाळी रिकामी पिशवी कडीला परत अडकवायचात. पहाटे ती दिसली की कळायचं, घरात माणसं आहेत. ताई आहेत. तेवढं कळलं की मी निघालो. बेल वाजवून विचारायला हवं होतं खरं. पण बेल वाजवायची, साहेबांनी दार उघडायचं, मग ‘ताई कशा आहेत’, मग तोंड कसं करायचं, हात कुठे ठेवायचे... मला ते जमत नाही. मला पाव जमतो.

नवरा : मधे आम्ही घरी नव्हतो. तिला ताप चढला होता, इस्पितळात ठेवलं होतं. दोन दिवस.

बेकरीवाले : तीन.

नवरा : दोन.

बेकरीवाले : तीन पहाटांचे पाव पडून होते, साहेब. पिशवी जिथल्या तिथे, भरलेली. दुसऱ्या दिवशी तिच्यातच दुसरा पाव ठेवला, तिसऱ्या दिवशी तिसरा. बंद फुटायला आले. पण न ठेवता जायचं म्हणजे काहीतरी कबूल केल्यासारखं झालं असतं. चौथ्या पहाटे आलो तर पिशवी रिकामी. मी तिथेच तुमच्या जिन्यात बसलो. किती वेळ बसलो कोण जाणे. भट्टीत दुसरा लॉट होता, त्याचा पार कोळसा झाला.

नवरा : त्या दिवशी दुकानावर पाटी होती. ‘आज पाव नाही.’ मी वाचली होती. इस्पितळातून आणल्यानंतरची सकाळ.

बेकरीवाले : तीच.

बायको : भाऊ, पण आमच्यासाठी का? यांनी तर तुमचा काटा नेला होता.

बेकरीवाले : साहेबांनी बरोबर केलं. स्प्रिंग ढिली होती, मला महिनाभर ठाऊक होतं, दुरुस्त करायचा कंटाळा केला. पण त्या दिवशी रांगेतली सगळी माणसं निघून गेली, ताई. एकेक करून. तुम्ही तेवढ्या थांबलात. म्हणालात, ‘मला मोजून नको, दोन पाव द्या.’

बायको : मी? मला आठवतसुद्धा नाही.

बेकरीवाले : असेल. मला आठवतं.

नवरा : मला तू कधी बोलली नाहीस.

बायको : तुम्ही घरी येऊन बारा ग्रॅमवर भाषण देत होतात. मधे कुठे घुसणार?

नवरा : बेकरीवाले, तेव्हा मी... आत बोलावून सांगायला हवं होतं मी. चारचौघांत नको होतं. ते माझं चुकलं.

बेकरीवाले : चहा गार होतोय साहेब.

बायको : बरं आता दोघं गप्प बसा, मी खाते. आणि असे माझ्याकडे बघू नका. परीक्षेला बसल्यासारखं वाटतं.

नवरा : बघत नाही.

बायको : बघताय.

नवरा : काय गं? काही होतंय?

बायको : थांबा.

नवरा : पाणी देऊ? खिडकी अजून उघडू?

बेकरीवाले : साहेब, भट्टीचं दार सारखं उघडून बघितलं की पाव बसतो.

नवरा : अगं, बोल तरी.

बायको : मीठ कमी आहे.

नवरा : काय?

बायको : मीठ. कमी पडलंय. तुम्हाला लागत नाही का?

नवरा : मला... हो. कमी आहे. पहिल्या घासाला कळलं होतं मला. पण तुला कळलं?

बायको : कळलं. आणि कांदा थोडा कच्चा राहिलाय. आणि चीज खारट आहे म्हणून मी मीठ हात राखून घातलं, ते चुकलं. आणि पाव... भाऊ, पाव गोड लागतो हो तुमचा. शेवटी शेवटी गोड लागतो.

बेकरीवाले : पीठ रात्रभर मुरतं. त्याने येतो गोडवा. घाईत नाही येत.

बायको : अहो, रडताय काय? मीठ कमी पडलं म्हणून?

नवरा : कुठे रडतोय. कांदा कच्चा आहे ना, तूच म्हणालीस.

बायको : भाऊ, मी आभार मानायला बोलावलं होतं तुम्हाला. दोन दिवस मनात वाक्यं जुळवत होते. आता एकही सापडत नाहीये.

बेकरीवाले : नका शोधू. मला ऐकून घ्यायला जमत नाही.

बायको : मग एवढंच सांगते. उद्यापासून बेल वाजवायची. मी दार उघडेन. हात कुठे ठेवायचे ते आपण दोघं मिळून बघू.

बेकरीवाले : पहाटे साडेपाचला?

बायको : नको, मग पाव तेवढा ठेवा. बेल नऊला.

नवरा : आणि वजन मी करणार नाही.

बेकरीवाले : करा की साहेब. वीस ग्रॅम जास्तच घालतो अकरा वर्षं, कुणी मोजलं तर बरं वाटतं. ताई, ताटली रिकामी झाली तुमची. अजून वाढू? मधला देऊ की कडेचा?

बायको : कडेचा. आणि तो कोपरा कुणी उचलू नका, तोही माझाच.