दादाच्या नावाचे ठोके

सकाळचे साडेदहा. इस्पितळाचा दुसरा मजला, हृदयविभागाबाहेरचा लोखंडी बाक. आत माझा दादा छातीला तारा लावून पडलाय आणि हे लोक आता मला सांगतात, घड्याळ बिघडलं असेल. आता? तुम्हीही इथे कोणाची तरी वाट बघत बसलाय, तर ऐका. गेले कित्येक महिने जो तो मला ऐकवत होता, घड्याळ खोटं बोलत नाही. आणि आज एकदम बिघडलं?

तुम्हाला सांगतो, दादाचं हृदय मधूनच ताल सोडतं. त्यावर गोळी आहे, ठोके ताळ्यावर आणणारी. पण ती गोळी म्हणजे लगाम... कमी पडला तर घोडा उधळतो, जास्त ओढला तर जागच्या जागी बसतो. म्हणून ठोक्यांवर लक्ष हवं. तर पुतण्याने परदेशातून घड्याळ पाठवलं. मनगटावर बांधायचं, ते ठोके मोजणार, आलेख पुतण्याच्या फोनवर, तिथून डॉक्टरांच्या फोनवर. "काका, आता काळजी सोडा. घड्याळ खोटं बोलत नाही."

दादा शाळेत कवायतीचा मास्तर होता. ते घड्याळ तासातासाला थरथरायचं, उठा, जरा चाला. दादा भडकला. "जन्मभर मी शिट्टी मारून पोरं उठवली, आता हे टिचभर यंत्र मला उठवणार?" काढलं आणि वहिनींच्या मनगटावर बांधलं. "तू घाल. घरात कोणाच्या तरी हातात असलं म्हणजे झालं."

वहिनी ते घालून भांडी घासतायत, गच्चीवर कपडे वाळत टाकतायत, बाजारातून पिशव्या ओढतायत, आणि संध्याकाळी मुलाचा फोन, "बाबा, काय चाललात आज, शाब्बास!" आणि सकाळपासून आरामखुर्चीतून न हललेला हा गृहस्थ म्हणतो, "प्रयत्न करतोय रे." लाज? औषधालासुद्धा नाही.

हे सगळं मला कळलं केव्हा, तर आज, स्ट्रेचरवर पडल्यापडल्या दादाने कबूल केलं तेव्हा. तोपर्यंत काय झालं होतं... आलेख बिघडायला लागला. ठोके मागेपुढे, मधेच गचके. पुतण्या घाबरला, डॉक्टर फोनवरून म्हणाले, गोळी वाढवा. मी म्हटलं, डॉक्टर, एकदा मनगटाला हात तरी लावा. मी आयुष्यभर बातमीदारी केली, स्वतः जाऊन बघितल्याशिवाय मेलेल्यालाही मेला म्हटलं नाही. तर म्हणतात, "अहो साहेब, घड्याळ खोटं बोलत नाही." आलेख सुधारेना, गोळी पुन्हा वाढली. आणि दादा गिळत राहिला. का? आता खरं सांगितलं, तर मुलाच्या सगळ्या शाब्बासक्या परत कराव्या लागणार ना. आज सकाळी खुर्चीतून उठला, डोळ्यांपुढे अंधारी आली, आडवा. नाडी हाताला लागेना.

"वहिनी, तुम्ही तरी बोलायचं."

"अहो भाऊजी, त्यात नाव ह्यांचं येतं. मला वाटलं, कोणाचं मोजायचं ते त्याला कळत असेल."

एवढ्यात पुतण्याचा फोन. "काका, बाबांचे ठोके पुन्हा बिघडलेत. आत्ता, या क्षणी." मी दाराच्या काचेतून आत बघतो तर पडद्यावर दादाचे ठोके मंद, पण कवायतीच्या पोरांसारखे एका ओळीत. मग शेजारी बघितलं. वहिनींच्या मनगटाकडे. थांब म्हणालो, फोन ठेवला, घड्याळ काढून माझ्या हातात बांधलं. माझं डोकं एवढं तापलेलं, तरी ठोके ओळीत. परत त्यांच्या हातात बांधलं. गचके.

"वहिनी, धाप लागते का?"

"जिना चढताना लागते थोडी. वय नाही का झालं? तुम्ही आधी ह्यांचं बघा."

मी डॉक्टरांना बोळातच गाठलं. म्हटलं, चुकणारे ठोके दादाचे नव्हतेच, त्याच्या बायकोचे आहेत, ती बाई बाहेर बाकावर बसलीय. ते मान वर न करता म्हणाले, "घड्याळ बिघडलं असेल."

"मग इतके दिवस कोणाचा आलेख बघून दादाची गोळी वाढवलीत?"

"त्या बाईंचा केसपेपर आहे का?"

"नाही."

"मग खाली रांगेत उभं राहून काढा. इथे फक्त रुग्ण. नातेवाइकांनी बाहेर थांबायचं."

भांडून परत येतो तर बाकावर तुम्ही एकटेच, वहिनींची जागा रिकामी. तुम्हीच सांगितलंत ना आत्ता? नर्सबाई बाहेर आल्या, "नातेवाईक कोण?" म्हणाल्या, आणि वहिनी औषधांची चिठ्ठी घेऊन खाली गेल्या. दुकान तळमजल्यावर. आणि लिफ्टच्या दारावर पाटी, फक्त रुग्णांसाठी. म्हणजे उतरल्या जिन्याने, आणि येणारही जिन्यानेच.

सरका जरा, पाय घ्या बाजूला, मला जिना गाठायचाय... थांबा, फोन. पुतण्याचाच.

"काका, घड्याळ सारखं ओरडतंय. बाबांना या अवस्थेत जिना कोणी चढायला लावला?"