शेवटचे चार आकडे

हॅलो?… हं, ओकही, बोल… घरीच आहे, मुळे सोलतेय… काय ऐकलंस?… रेडिओवर, सकाळच्या कार्यक्रमात?

अगं हळू. हळू बोल, पार्लरमध्ये बायका असतील… गेल्या? सगळ्या?… हं, केस कुरळे करायला डोक्याला नळ्या लावलेली ती एक सोडून. ती बिचारी जाणार कुठे.

हो. मीच लिहिलं होतं ते पत्र.

नाही, नाव सांगू नका असं स्पष्ट लिहिलं होतं… मग, घेतलं का त्यांनी नाव?… काय वाचलं?… दोन-सहा-एक-चार… अगं आई गं.

खरंच नाही आलं डोक्यात. नाव नको म्हटलं की ते फोनचे शेवटचे चार आकडे वाचतात… रोज ऐकते गं मी, म्हणून काय झालं? बाबांनी पहिला फोन घेतला तेव्हापासून घरात सगळ्यांचे शेवटचे आकडे तेच. तुझ्या दाराच्या काचेवर ते हातभर मोठे रंगवलेत, हे कुठे लक्षात राहतंय पत्र लिहिताना?

म्हणजे त्यांना वाटतंय तूच लिहिलंस?… कोण, ती मासळीवाली? काय म्हणाली?… 'आई मेल्यावर हायसं वाटलं होय तुला?' असं तोंडावर?… मग सांगायचंस ना, ताईनं लिहिलंय म्हणून. माझी काही हरकत नाही… हो, तेही खरं. मग म्हणतील, आईला ताईच्या गळ्यात टाकून ही बसली मिर्यांगमध्ये केस कापत.

मी नाही म्हणत. मासळीवाली म्हणेल, असं म्हटलं.

बरं, ऐक… ऐक ना… हो, पत्रातलं तेही खरंच आहे. आई दुपारी नाही गेली. सकाळी सहालाच गेली. तुला मी फोन केला दोन वाजता… मध्ये? मध्ये झोपले होते. तिच्या शेजारीच, तिच्याच पांघरुणात… अगं, सात वर्षांत सलग दोन तास झोप नव्हती मला. ती गेली हे कळलं, आणि पहिला विचार आला तो हाच, की आता कुणी उठवणार नाही. झालं. मग आठ तास मेल्यासारखी झोपले.

हो, खोटं बोलले तुझ्याशी. अंत्यविधीच्या हॉलमध्ये तू तीन दिवस धाय मोकलून रडत होतीस. तिथे सांगायचं होतं का हे?… परवा एकोणपन्नासाव्या दिवसाचा विधीही झाला. तेव्हाही जीभ रेटली नाही.

का लिहिलं म्हणजे? सांगणार कुणाला? तुला फोन केला की तू म्हणायचीस, गिऱ्हाइकाला रंग लावलाय, नंतर करते… टोमणा नाही गं. रंग थांबत नाही, कळतं मला. पण तो नंतर काही यायचा नाही.

रेडिओवाल्यांचा फोन आला होता मघाशी. बायकांचे खूप निरोप आलेत म्हणे. त्यातल्या एकीनं एवढंच लिहिलंय, 'मी पण झोपले होते.'… कोण काय माहीत. ती पण चार आकडेच. पण ओकही, ते ऐकलं आणि मी त्यांना पुन्हा एकदा वाचायला लावलं.

हो, बक्षीस देतायत. भाताचा कुकर. दहा माणसांचा… एकटीला, हो. पुरेल मला.

रडतेस का?… बरं, नाही रडत.

पुढचं? पुढेही होतं ना. त्यांनी अर्धंच वाचलं आणि गाणं लावलं… जाऊ दे, आता कशाला?… वाईट नाही गं. तुझ्याबद्दल होतं.

शेवटची दोन वर्षं ती मला ओकही म्हणायची… मला, मला. मी समोर दिसले की, 'ओकही, आलीस?'… सांगितलं ना पहिल्यांदा, आई, मी जोम्नान. तर घाबरली. कुठली बाई घरात शिरली म्हणून किंचाळायला लागली. मग मी हो म्हणायला लागले. आले गं आई, आत्ताच गाडीतून उतरले. पार्लर बरं चाललंय, म्हणायचे. गिऱ्हाइकांच्या चहाड्यासुद्धा सांगायचे, मनानं रचून.

तुला काय विचारायची?… जेवलीस का, दुसरं काय. दिवसातून वीस वेळा. दिवसभर उभी असतेस, पाय सुजले असतील, म्हणायची. मग मांडीवर घेऊन चोळत बसायची… माझेच गं पाय. पण चोळायची तुझे.

आता तरी रड म्हणते मी. दुकान रिकामंच आहे. ती एक असेना का, बसेल ती.

माझ्याबद्दल?… माझ्याबद्दल काय बोलणार? मी नव्हतेच ना घरात.

एकदा विचारलं होतं तिला… असंच, ओकही होऊनच. म्हटलं, आई, ताई कुठे आहे गं?… नको, राहू दे… नको म्हणते ना.

म्हणाली, 'ती कुठली येतेय. तिला नाही वेळ आपल्यासाठी.'

हं… नाही, हे पत्रात नव्हतं. एवढं काही लिहवलं नाही मला… ठेवते आता, ओकही.