मशीनले गोधडी

पावर हाउस भागातल्या सर्व्हिस सेंटरात रांगेत उभ्या अन्नपूर्णाबाईंनी मुद्दाम कान दिला नव्हता. पुढचे देवाजी अन् सिंधुताईच हळू बोलत नव्हते.

"चांगला गिझर काढून हीट पंप बसवला," सिंधुताई म्हणत होत्या. " बिल कमी येते म्हणे. येईनच, पाणीच तापत नाही तं."

"मशीनच खराब दिली त्यायनं."

"अन् मशीनले गोधडी कोणं गुंडाळली?"

"गर्मी बाहेर जाऊ नये म्हणून गुंडाळली. प्लांटात चौतीस वर्षं काढली मी. गरम पाइप कधी उघडा ठेवला नाही."

"हो नं. मोहित फोनवर सांगे, बाबा, हे मशीन हवेतूनच गर्मी ओढते, झाकू नका. पण त्याले काय समजते, तो तं फक्त इंजिनिअर आहे."

"तू चूप राय."

"राहतो. थंडीत मी तेच गोधडी मागतली, तं म्हणे पाहुण्यायसाठी ठेव. भेटला एकदाचा पाहुणा."

नंबर आला. काउंटरवरच्या माणसानं विचारलं, "क्या दिक्कत है?"

"पानी गरम नहीं होता."

"मशीन ढँककर तो नहीं रखी थी?"

देवाजींनी बायकोकडे पाहिलं.

"नहीं भैया," सिंधुताई म्हणाल्या, "ये प्लांट में थे. इनको गर्मी का सब मालूम है."

अन्नपूर्णाबाई रांगेतून बाहेर आल्या अन् त्यांनी घरी फोन लावला.

"ऐकून राहिले का? मशीनवरचं ब्लँकेट काढा. कावून ते मी आल्यावर सांगतो. हो, प्लांटात झाकत असान. घरी काढा."