चंगाईची सभा आणि माझी सरोज

(परळच्या सुलोचनाबाई साळवे यांनी घरी बसून सांगितलं तसं.)

मी जन्माची परळची, पण आमचं मूळ नगरकडचं. आजोबा तिकडं गावात ख्रिस्ती झाले, बाबा मिलमध्ये लागले म्हणून मुंबईत आले, मग मिल बंद पडली तरी चाळीतली खोली नि चर्च या दोन गोष्टी काय आमच्या सुटल्या नाय. चाळीत आमी एकटेच ख्रिस्ती, बाकी सगळी कोकणातली माणसं, गणपतीत त्यांच्याकडनं मोदक यायचे, नाताळात आमच्याकडनं करंज्या जायच्या, कोणी कोणाला विचारलं नाय की तुझा देव कुठला. मी हॉस्पिटलात कपडेखात्यात नोकरी केली, चादरी, गाऊन, ऑपरेशनचे हिरवे कपडे, धुऊन आले की घडी घालून वॉर्डात पाठवायचे, रिटायर होईपर्यंत तेच. त्यामुळं काय सांगू तुमाला, आजारी माणूस मी त्याच्या चादरीवरनं ओळखते. कोणी मला बोलला ना की बाई, एका हाकेत सगळे बरे होतात, की मला आधी त्या बोलणाऱ्याचं तोंड बघावंसं वाटतं.

सरोज माझी एकुलती एक. पाळण्यातनं नुकती उतरली होती तेव्हा ताप आला, पोलिओ झाला, डावा पाय गेला तो गेला. तिचे वडील ती शाळेत असतानाच वारले. पायाला लोखंडी पट्ट्यांचं कॅलिपर नि काखेत कुबडी घेऊन पोरगी शिकली, माटुंग्याला कॉलेज केलं, विम्याच्या ऑफिसात लागली, स्वतःची स्वतः जाते येते. रडूबाई कधीच नव्हती. आनि रविवारी चर्चमध्ये लहान पोरांची शाळा घ्यायची, शास्त्रातल्या गोष्टी सांगायची, अशा सांगायची की योना माशाच्या पोटात गेला की पोरं नाक धरायची, टीचर वास येतो बोलायची. ती शाळा म्हणजे तिचा जीव.

आता आमच्या चर्चचे त्या वेळचे पाळकसाहेब, म्हणजे धर्मगुरू, नाव घेत नाय, तेवढी त्यांची लायकी नाय. मोठेपणाची भारी हौस. उपासनेला माणसं कमी झाली, जुनी मंडळी कल्याण-वसईला राहायला गेली, तर घरोघर जावं, म्हाताऱ्याकोताऱ्यांना भेटावं, ते नाय. त्यांनी दादरला हॉल घेऊन चंगाईची सभा लावली, म्हणजे नुसत्या प्रार्थनेनं रोगी बरे करायचे. कुठनंतरी एक फिरता प्रचारक आणला, त्याला सगळे ब्रदर बोलायचे. पांढरे बूट, जेल लावून मागं वळवलेले केस, पाण्याची बाटली धरायला वेगळा माणूस. अहो, ज्याच्या नावावर हा खातो तो प्रभू गाढवावर बसून फिरला, आनि ह्याला स्टेजवर चढायला बगलेत दोन माणसं लागत होती! चंगाई करणारा म्हणे!

मला जायचंच नव्हतं. सरोज बोलली, आई, माझ्या शाळेची पोरं गाणं म्हणणार आहेत, मी नको का तिथं? म्हणून गेलो. शेजारच्या राणेकाकूपण आल्या, त्यांना गाणी ऐकायला आवडतात. पोरांचं गाणं झालं, आनि मी बघते तर पाळक ब्रदरच्या कानात काहीतरी सांगतायत नि बोट आमच्याकडं. लगेच ब्रदरची दोन माणसं आली, सिस्टर चला, प्रभू बोलवतोय. मी बोलले, ती पोरांना घेऊन आलीय, तिला नको. पण सगळा हॉल माना वळवून बघायला लागला, तिची पोरंपण बघत होती, मग ती उठली.

ब्रदरनं डोक्यावर हात ठेवला, ओरडला, माइक फुटेल असा ओरडला, आनि तिच्या हातातली कुबडी काढून मागं फेकली. ऊठ नि चाल! ढोल वाजायला लागले. आनि त्यानं तिला धरलेला हात सोडला. माझी पोरगी धाडकन आपटली, कॅलिपरचा आवाज मला शेवटच्या रांगेत ऐकू आला. आनि लोक काय करत होते? हालेलुया करत होते! टाळ्या वाजवत होते! त्यांना वाटलं पवित्र आत्मा अंगात उतरला म्हणून पडली. शिकलेली माणसं, टाय लावलेली. मी धावले. तोवर ब्रदर वाकून तिच्या तोंडाशी माइक धरून बोलतोय, सांगा सिस्टर, काय वाटतंय, सगळ्यांना सांगा. सरोजनं शांतपणे माइक हातात घेतला नि बोलली, मला काय वाटत नाय, माझी कुबडी द्या, मला खाली उतरायचंय.

ढोल थांबले. तो माणूस चालू, लगेच सावरला. बोलतो, ह्या बहिणीच्या घरात कोणीतरी अविश्वासी आहे, ती व्यक्ती आशीर्वाद अडवतेय, नि बघतो माझ्याकडं. मी स्टेजवर चढले, स्पीकरच्या मागनं कुबडी उचलली नि त्याला बोलले, आमच्या हॉस्पिटलात ये, वॉर्ड रिकामा करून दाखव, तिथं मार ना हाका. तर मला बोलतो, सिस्टर, मी तुमाला क्षमा करतो. हा मला क्षमा करतो! बाहेर आल्यावर राणेकाकू बोलल्या, गो सुले, ह्यो देवाचो माणूस की सर्कशीतलो? माझीच मान खाली गेली.

सरोजचं मनगट मोडलं होतं, प्लॅस्टर घातलं. पाळकसाहेब घरी आले. मला वाटलं विचारपूस करतील. कसलं काय, चहाचा कप हातात घेऊन बोलले, येत्या रविवारी सरोजने उभं राहून साक्ष द्यावी, पायाचं दुखणं थोडं कमी झालंय एवढं म्हटलं तरी चालेल, मंडळीत चुकीचा संदेश गेलाय. सरोज बोलली, साहेब, पाय दुखतच नाय, तो हलत नाय. दुखतोय तो हात, तो तुमच्या सभेत मोडला. तर बोलले, मग मुलांची शाळा तुमच्याकडे ठेवता येणार नाही, अविश्वास मुलांना लागतो. जशी काय गोवर. स्टेजवर पडली तेव्हा पोरगी रडली नव्हती, तेव्हा रडली. मी बोलले, साहेब, चहा राहू द्या, उठा.

मग चर्चचा कारभार बघणारी वडीलमंडळी एकेक करून गुपचूप यायला लागली, सुलाबाई, तुमचंच बरोबर आहे, पण उघड कसं बोलायचं. मी बोलले, मग माझ्या घरात कशाला बोलता, भिंतींना माहिताय. प्रभुभोजनाला, भाकर नि द्राक्षरस घ्यायला, हेच पहिल्या रांगेत, पांढऱ्या शर्टात, डोळे मिटून. असल्यांपेक्षा तो ब्रदर परवडला, तो निदान ओरडतो तरी.

पण पोरांच्या आयांनी काय केलं, रविवारी उपासना सुटली की पोरं सरळ आमच्या चाळीत पाठवायला लागल्या. राणेकाकूंनी गॅलरीत चटई घातली. दोन्ही हातांत लाकूड असल्यासारखी सरोज बसायची, एकीकडं प्लॅस्टर, एकीकडं कुबडी, नि गोष्ट सांगायची. चाळीतली पोरंपण बसायची. काकूंचा नातू विचारायचा, टीचर, त्या राक्षसाला गोफणीनं दगड मारताना दाविदाचा नेम चुकला असता तर? तिकडं चर्चमध्ये शाळेत शिकवायला पाळकांची बायको आनि ऐकायला तिच्या दोन भाच्या, बस.

पुढं त्या पाळकांची बदली झाली. काय तो निरोपसमारंभ! हार, शाल, लोक रडले. मला फोटोला बोलावलं, मी बोलले माझे गुडघे दुखतात, उभं राहवत नाय. नवीन पाळक तरुण, जिना चढून धापा टाकत आले, शाळा परत घ्या बोलले. मी असते तर त्याला चार वेळा जिने चढायला लावले असते. सरोज त्याच रविवारी गेली. बोलली, आई, पोरं तिथली आहेत, रुसून काय करू?

मीपण जाते, का नाय जाणार, ते चर्च माझ्या बापाचं आहे, त्या ब्रदरचं नाय. रविवारी संध्याकाळी आमी दोघी घरी प्रार्थना करतो. सरोज सगळ्यांची नावं घेते, राणेकाकू, ऑफिसातले, आजारी, आनि शेवटी त्या पाळकांचं नि ब्रदरचंपण घेते, देवा, त्यांचं भलं कर. मी डोळे मिटते, हात जोडते. पण तिथं आमेन बोलत नाय. ती थांबते, वाट बघते. मग तीच बोलते, दोघींच्या वाटचं.

तुमचं मात्र भलं होवो, हे मी मनापासनं बोलते. घ्या, चहा थंड होतोय.